चित्रातली जुलिया

सावित्री स्टँडवर आंबोलीच्या गाडीची वाट पाहत होती, पण कान मागच्या बाकावर लागले होते. तिथे चित्रकार अँजेला आणि तिच्या चित्रांवर पीएचडी करणारी भाची रिशेल बसल्या होत्या.

"आंटी, सगळ्या चित्रांत एकच बाई आसा. केस सुकयताना, निजलेली... मॉडेल लिवू?"

"मॉडेल कित्याक? जुलिया ती. माझ्याच घरात रवता."

"मग मैत्रीण?"

"मैत्रिणी सांजेक आपापल्या घराक जातत गो."

"खरा लिवलंय तर लोक वाचतले."

"दरवर्षी पाद्री घर आशीर्वादाक येवचो आसलो की मी चित्रां कपाटामागे लपयतंय. औंदा जुलियान हॉलात लावल्यान."

"पाद्रीन बघल्यान?"

"बघल्यान. म्हणालो, जुलियाचा नाक चुकला."

"मग लिवू?"

"लिव. पण तिचा नाव पुरा लिव, नायतर ती माका जेवाण देवची नाय."