विचारपुशीचे मार्क

परदेशी जाऊ पाहणाऱ्या डॉक्टर-फार्मासिस्टांच्या इंग्रजी परीक्षेच्या केंद्रात माझ्या पुढच्या बाकावर एक फार्मासिस्ट बाई आणि तिचे वडील बसले होते.

"बाबा, ही तिसरी खेप. आजही तोंडी परीक्षेत अडकले तर परदेशातलं रजिस्ट्रेशन विसराच."

"मागच्या वेळी काय चुकलं?"

"परीक्षक पेशंट झाला होता. मी तोंड उघडलं ते डॉक्टरांची चिठ्ठी मागायलाच!"

"अगं, दुकानात तेच करतेस ना?"

"बारा वर्षं! इथे आधी मायेने विचारपूस करायची असते. हे सरावाचं कार्ड घ्या, तुम्ही खोकल्याचे पेशंट. मराठीतच बोला, मला सूर सापडू दे."

"बरं."

"बसा, काका. दमलेले दिसताय. काय होतंय ते सावकाश सांगा."

"गुडघा दुखतो. दोन वेळा दुखण्याची गोळी घेतो."

"खोकला, बाबा! बरं, चालेल. आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"रक्त पातळ करायचं."

"दोन्ही एकत्र? पोटात रक्तस्राव होईल, काका! शौचाला काळं तर होत नाही ना?"

"होतंय. चार दिवस झाले."

"...बाबा?"

"तुझी परीक्षा झाल्यावर सांगणार होतो. पण तू इतकं छान विचारलंस..."

"त्या दुखण्याच्या गोळ्या आणल्या कुठून?"

"दुसऱ्या दुकानातून. तू चिठ्ठी मागितली असतीस."

"सतरा नंबर, आत या!"

"उठा, बाबा. दवाखान्यात जायचंय."

"अगं, तुझा नंबर पुकारला."

"उठा म्हणते ना!"