लिफ्टच्या करारातलं माझं कलम

करार कसा करावा, ते अख्ख्या मुलुंडनं माझ्याकडून शिकावं! तसा मी सातवी नापास, ते सोडा.

आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसवायची होती आणि कॉन्ट्रॅक्टर रखडवणार, ही कमिटीला धास्ती. मी करारात कलमच घुसडलं: उशीर झाला, तर सातव्या मजल्यावरच्या सावंतवहिनींची भाजी रोज कॉन्ट्रॅक्टरनं स्वतः जिन्यानं पोचवायची. वहिनींचे गुडघे गेलेले ना! पठ्ठ्यानं हसत सही केली.

उशीर झालाच! मग रोज पिशवी घेऊन सात मजले! आठवड्यात लिफ्ट चालू! पहिल्याच फेरीत वर जाऊन मी ओरडलो, "वहिनी, झकास ना माझं कलम?"

"डोंबल तुमचं, भावजी! तो दम खायला बसायचा आणि मेथी निवडून द्यायचा. उद्यापासून तुम्ही येताय ना?"