सदाची तिसरी

काशीदच्या थांब्यावर एसटी येत नव्हती. माझ्या मागे मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन दोघी बसल्या होत्या, एक म्हातारी, एक तरणी.

"किशोरी, तुझ्या थोरल्या दिराचं तिसरं लगीन लागलं का गो?"

"कसलं लागतंय, भागुआत्या! नवरीच मेली."

"अगो बाई! कुनाची पोर?"

"पोर न्हाय, रुई. दोन बायका वारल्या की तिसरं लगीन आधी रुईच्या झाडाशी लावतात ना? म्हंजे खरी बाई चौथी, तिला धोका न्हाय. म्हनून सदाभावजींनी किनाऱ्यावरची रुई खणून दारात लावली."

"रुई कशी मरंल? ती तर भर वैशाखात रेतीत फुलते!"

"हिलाही फुलं आली व्हती. फुलपाखरं, भुंगे, नुसती जत्रा! भुंगा बसला की भावजी काठी घेऊन धावायचे. म्हनायचे, लगीन होईपर्यंत तरी दम धरा!"

"मेल्याला लाज न्हाय. मग मेली कशानं?"

"पान्यानं. सकाळी बादली, संध्याकाळी बादली. मुळं कुजली."

"बादली? आधीच्या दोघी तापानं फणफणल्या, तवा तांब्याभर तरी दिलं व्हतं का त्यानं?"

"दिलं असतं तर रुईची पाळी कशाला आली असती?"

"आता गो?"

"भटजी म्हनले, तिसरी झाली आणि गेली असं धरा. चौथी करा."

"आणि चौथी म्हनून ठरवलेली ती बाई काय म्हनते?"

"तिनं कालच निरोप धाडला. म्हनली, मी आपली रेतीतच बरी."