भैरूला परमुलखात अग्नी दिला

मी कणकुंबीची काशी. जन्म तिथलाच, लगीन जांबोटीला झालं, आन दोन वर्सांत नवरा तापानं गेला म्हणून परत भावाच्या घरात आले. भाऊ म्हंजे भैरू, माझ्याहून धाकटा, मला आक्का म्हणायचा, पावसाळ्यात नाचणी करायचा, बाकीचे दिवस रानात लाकडं कापायचा. त्याची बायको पारू. तिनं मला कधी परकं मानलं न्हाय, हे आधी लिवा मास्तर, न्हायतर पुढचं ऐकून तुमी तिला वाईट समजाल.

आमची कुळदेवी गोव्यात. काय सांगू तुमाला, आमच्या मागच्या डोंगरावर उभं ऱ्हायलं की गोवा दिसतो, पण त्यो मुलूख फिरंग्याचा आन हिकडं इंग्रजाचं राज. आमाला त्याचं काय हुतं? चोर्ल्याचा घाट उतरायचा, ओटी भरायची, घाट चढून परत यायचं. पारूला चार वर्सं मूल न्हवतं, मग दिवस गेले, तवा भैरू म्हणला आक्का, तिला घाट झेपायचा न्हाय, आपण दोघं जाऊन नवस फेडून येऊ.

देवळाच्या धर्मशाळेत त्याला पटकी झाली. पहाटेपासनं जुलाब, ओकाऱ्या, न्याहारीच्या वक्ताला डोळं आत गेलं. फिरंग्याचे शिपाई आले, त्याला गाडीत घातला, मी गाडीमागं चालत चालत पणजीपत्तोर. हॉस्पिटलापासनं लांब पटकीवाल्यांचं येगळं खोपट हुतं, तिथल्या फाटकावर मला अडवलं. मी म्हणतेय माझा भाऊ हाय आत, माझा भाऊ हाय, पण माझं शिपायाला कळंना आन त्याचं मला कळंना, मी तिथंच मातीत बसले. एक मासळीवाली पाटी उतरवून जवळ आली, कोकणीत बोलली तरी मला उमगलं, म्हणली तू घाटावरची न्हवं, तुमच्या इंग्रजाचा वकील बसतो हितं, त्याच्या रयतेची अडचण बगायला, जा त्याच्याकडं. घर दाखवायला सोता आली बिचारी.

तिथला कारकून आमच्या बोलीत बोलला, कुठली गं तू, आन तवा मला रडू फुटलं, तवर आलं न्हवतं. साहेबानं समदं ऐकून घेतलं. मी म्हणले साहेब, हुकूम करा, माझ्या भावाला भायेर आणा, मी त्याला पाठीवर घालून घाट चढते. कारकुनानं साहेबाचं बोलणं सांगितलं, बाई, हितं माझा हुकूम चालत न्हाय, मी इचारू शकतो, मागू शकतो, बळानं सोडवू शकत न्हाय. मला लई राग आला. ज्याच्या नावानं आमचा पाटील उठून उभा ऱ्हातो त्यो हितं मागणार?

पण मागितलं त्यानं. चिठ्ठी घेऊन कारकून आत गेला, त्या खोपटात, त्याला काय गरज हुती सांगा. भायेर येऊन म्हणला, डॉक्टर बगतोय, भैरू शुद्धीवर हाय, म्हणलाय आक्काला सांगा उन्हात बसू नको, आन पारूला आत्ताच काय कळवू नको.

दुसऱ्या दिवशी कारकून आला आन म्हणला, बाई, भैरू गेला. 

पटकीनं मेलेल्यांना तिथं सरकार खड्ड्यात पुरायचं. मी कारकुनाचे पाय धरले. त्यो साहेबाकडं धावला, साहेब सोता फिरंग्याच्या कचेरीत गेला, आन दुपारी शिक्क्याचा कागद आला, की गावाभायेर, डॉक्टराम्होरं, जाळा. लाकडं कारकुनानंच मिळवली. म्हणला अग्नी कोण देणार? मी म्हणले मी. बामण न्हाय, भाऊबंद न्हाय, दोन शिपाई नाकाला फडकं लावून लांब उभे. मी दिला.

घाट एकटी चढले. पारू दारात हुती. ऐकून म्हणली खोटं, बाईमाणूस कुटं अग्नी देतं काय, त्यो तिकडं कुणासंगं ऱ्हायला आन तू झाकतीस. कुंकू पुसंना. भाऊबंदबी तेच बोलाया लागले. दोन म्हैने एका घरात, पण तिनं माझ्या हातचं खाल्लं न्हाय, पोटुशी बाई, येगळी चूल मांडून धुरात बसायची. मग साहेबाचं पत्र बेळगावच्या कचेरीतनं पाटलाकडं आलं, चावडीत वाचलं, भैरू पटकीनं वारला, बहिणीनं अग्नी दिला. संगं एक पुडी, हॉस्पिटलात काढून ठेवलेलं त्याचं चांदीचं कडं. एका जागी पयल्यापासनंच चेपलेलं हुतं, पारूनं तिथं बोट फिरवलं आन चावडीतच खाली बसली. बांगड्या तिच्या मीच उतरवल्या.

पोरगी झाली. आता बेळगुंदीला दिलीया, सुखात हाय. यंदा इंग्रज गेला, तुमी शाळेवर झेंडा लावला, चांगलं झालं. गोवा अजून फिरंग्याकडंच हाय म्हणतात. तिकडं आपलं कुणी पडलं झडलं तर बगायला आता आपलंच माणूस बसवा म्हणावं, आन त्याला आत जायाची भीती नसावी.

घरात आमी दोघीच. इतक्या वर्सांत पारूनं त्या दिसाचं कधी इचारलं न्हाय. गेल्या म्हैन्यात भाकरी थापता थापता एकदम म्हणली, आक्का, लाकडं सुकी हुती काय गं? मी म्हणले व्हय, लई सुकी हुती, लगेच पेटली. खरं सांगते मास्तर, ओली हुती, आंब्याची, दिसभर धुमसत हुती, मी पदरानं वारा घालत हुते. देव तिला सुखात ठेवो. तुमी लिवा समदं, पर एवढं तिला वाचून दाखवू नका.