जुन्या प्रोसेसरची किल्ली

नाही नाही, कॉम्प्युटर बंद करू नका, राहू द्या चालू — आधी मला आतलं बघायचंय, ताई. होईल हो वेगवान, न व्हायला काय झालं? मदरबोर्ड धडधाकट आहे. जुना प्रोसेसर काढायचा, नवा बसवायचा, वर वाटाण्याएवढी पेस्ट, पंखा आवळायचा — अर्ध्या तासाचं काम. पण आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घेतलंय? नाही ना? वाटलंच. 'फोटोच तर आहेत' — सगळे असंच म्हणतात.

हसताय, पण ऐका. या मशीनमध्ये डिस्कला कुलूप असतं, आणि किल्ली कुठे? जुन्या प्रोसेसरपाशी. नवा बसवला की पडदा विचारतो — जुनी किल्ली टाकून नवी करू का? नाही म्हणालात, तर जुना परत बसवून सुटता येतं. हो म्हणालात की संपलं. मग कुलूप उघडायला ते लांबलचक आकडे लागतात, जे आधीच कागदावर उतरवून ठेवायचे असतात. दर गिऱ्हाइकाला मी ते लिहायला लावायचो — आणि घरी? लोका सांगे ब्रह्मज्ञान.

बायको आजारी होती माझी. आजारी म्हणजे — डॉक्टरांनी आठवडेच सांगितले होते. मुलगी पाच वर्षांची. तर ही रोज दुपारी पाठीला उशा लावून बसायची आणि घरच्या कॉम्प्युटरवर मुलीसाठी बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची. पाळी आली की घाबरायचं नाही, मैत्रिणीशी भांडलीस तर आधी तू बोल, बाबांचा राग किती वेळ टिकतो — हो, तेसुद्धा. चाळीसेक तुकडे झाले होते. मशीन रडतखडत चालायचं, सुरू होईपर्यंत ही बसून बसून थकायची. म्हटलं, आपण एवढे कारागीर, बायकोसाठी एवढंही नको? नवा प्रोसेसर आणला, बसवला, पडद्याने विचारलं — आणि मी न वाचता 'हो' दाबलं. दुकानात कोऱ्या डिस्कवर दिवसातून दहादा दाबायचो ना, बोटाला सवय.

नाही, नाही उघडलं. सगळं करून पाहिलं. पण ते सोडा, चूक कुणाच्याही हातून होते — मी म्हणतो ते वेगळंच. तिने विचारलं, "सगळं आहे ना रे आत?" मी म्हटलं, "आहे." ती म्हणाली, "मग झालं माझं बोलून." एकोणीस दिवस होती त्यानंतर. आवाज खणखणीत. शेजारणीशी तासतास बोलायची. सांगितलं असतं तर चिडली असती, रडली असती, पण निदान दहा तुकडे तरी पुन्हा बोलली असती ना? असती. मी लाजलो, ताई. माझ्या हातचं काम कधी बिघडत नाही, असं ती जगाला सांगायची. तेवढ्यासाठी गप्प बसलो मी.

आणि मुलीला तिनेच सांगून ठेवलं होतं — बारा वर्षांची झालीस की बाबा ऐकवतील. येत्या रविवारी बारा पूर्ण. हेडफोन आणून ठेवलेत पोरीने, स्वतः साठवून. कालपासून गळ्यातच घालून फिरतेय. काय सांगू तिला? मशीन बिघडलं सांगू? ते पटेल तिला. मग विचारेल, आईला कळलं होतं का?

तुमचं आज नाही करणार मी. घरी न्या, आकडे कागदावर उतरवा, फोटोंची दुसरी प्रत करून घ्या, मग या. हां, आता करा बंद — आणि उचला लवकर. ती बघा, रस्ता ओलांडून येतेय, निळं दप्तर. जा तुम्ही, ताई.