फळ्यावरचं मत आणि गालावरचा खडू

बुक्क्याचं ताट मागे त्या खांबापर्यंत जाऊ द्या, मंडळी. घाई नाही. प्रत्येकाने चिमटी घ्या, कपाळी लावा आणि बोटं धोतराला, पदराला पुसू नका. असू द्या तशीच. कशाला, ते शेवटी सांगतो.

तर मंडळी, ऐका! पूर्वरंगात आपण जिभेचा महिमा पाहिला. आता मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. एखादी गोष्ट आपल्याला मनापासून आवडली आणि 'आवडली' म्हणायची वेळ आली, की या जिभेला काय होतं हो? भाजीत मीठ कमी पडलं तर पहिला घास गिळायच्या आधी सांगता की नाही? सांगता! आणि भाजी फक्कड जमली तर? ताट चाटून पुसून लख्ख, वर ढेकर, आणि तोंडातून चकार शब्द नाही! — हसता काय माई, तुमच्या घरचंच सांगतोय मी.

मनीं गोड वाटे । मुखीं म्हणे आंबट ।
ऐशा शहाण्याचें । रितें राहे ताट ॥

हे माझंच आहे. कुणा संताच्या नावावर खपवत नाही. तबलजी, सावकाश घ्या, गाडी चुकत नाहीये.

आता आख्यान. आज ध्रुव नाही, प्रल्हाद नाही. आज आख्यान सिनेमाचं! बघा, माना कशा वर झाल्या. मघाशी भक्तियोग सांगत होतो तेव्हा अर्धा मंडप पेंगत होता.

कुरणवाडी नावाचं तालुक्याचं गाव. गावात एकच टॉकीज, गुलाबशेठ मुथांचं. आणि गावात एकच शहाणा — दिघोळे सर. वामनराव दिघोळे, हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. भूगोल, विज्ञान शिकवायचे. वर्गात पोरगा शिंकला तरी त्यात चूक काढतील असा माणूस!

आणि कुरणवाडीची एक चाल होती. शुक्रवारी दुपारी बाराचा पहिला खेळ सुटला, की गुलाबशेठ तिकीट-खिडकीशेजारी एक फळा टेकवून ठेवायचे. त्या फळ्यावर पहिलं मत लिहायचा मान सरांचा. खडू सर घरून आणायचे, सदऱ्याच्या खिशात, शाळेतल्यासारखा. सर फळ्यावर लिहायचे आणि गाव ते वाचून ठरवायचं, सिनेमा आपल्याला आवडणार की नाही! म्हणजे बघा, डोळे आपले, तिकीट आपलं, मत सरांचं. आपल्याकडे असं काही नसतं म्हणा. आपण तर मुलगी बघून आलो की घरी आल्यावर आधी आत्याला विचारतो, "मला आवडली का गं?"

सरांनी अकरा वर्षांत 'चांगला' हा शब्द फळ्यावर कधी लिहिला नाही. 'भिकार', 'निर्बुद्ध', 'पैसे परत मागा' — हे नेहमीचं. एकदा चुकून 'ठीक' लिहिलं होतं, तर तो सिनेमा तीन आठवडे हाउसफुल्ल चालला! सरांना या मानाचा फार गर्व. त्यांनी मनाशी एक गणित मांडलं होतं: नावं ठेवणारा हुशार दिसतो, वाखाणणारा भोळा दिसतो. आणि भोळं दिसण्यापेक्षा मेलेलं बरं!

सरांची बायको इंदूताई. देव तिला सद्गती देवो, या गोष्टीच्या चार वर्षं आधी वारली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. प्रत्येक सिनेमाहून परत येताना ती विचारायची, "अहो, तुम्हाला आवडला का?" आणि सर त्यातल्या चुका सांगत घरापर्यंत यायचे. नवी साडी नेसली की विचारायची, "कशी आहे?" सर म्हणायचे, "काठ जरा भडक आहेत." आवडायची हो साडी! डोळे हटत नसत. पण तोंडातून काठ बाहेर पडायचे.

आता घरात सून, मुलगा आणि नात शाल्मली. वय सोळा. अकरावीला, विज्ञान शाखा. या पोरीने एक गोष्ट लिहिली होती. दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. चंद्रावरच्या शाळेत शिकणारी एक मुलगी आणि पृथ्वीवरून तिला निरोप पाठवणारा एक मुलगा, असं काहीतरी. तिने ती आजोबांच्या हातात दिली. जगात दुसऱ्या कुणाला दाखवली नव्हती. आईलासुद्धा नाही. आणि सांगितलं, "आजोबा, तुम्ही चांगली म्हणालात तरच पुढचा भाग लिहीन."

सरांनी वही वाचली. सोमवारी वाचली. मंगळवारी वर्तमानपत्राच्या आड धरून, सुनेला दिसू नये म्हणून, पुन्हा वाचली! समोरचा चहा गार झाला तरी कळलं नाही. इतकी आवडली. आणि बुधवारी पोरीने विचारलं, "आजोबा, वाचलीत?" तर म्हणाले काय?

"बघतो आहे. अक्षर जरा सुधार."

गुरुवारी तीच पोर पुन्हा आली. "आजोबा, उद्या मुथांकडे जो लागतोय ना, तो माझ्या गोष्टीसारखाच आहे. मीही येते तुमच्याबरोबर. तुम्हाला तो कसा वाटला ते कळलं, की माझी वही कशी आहे तेही मला कळेल."

कळलं का मंडळी, उद्या फळ्यावर कुणाचा निकाल लागणार होता? सिनेमाचा नव्हे!

शुक्रवार उजाडला. सरांनी दाढी करता करताच मत ठरवून टाकलं — 'पोरकटपणा. विज्ञानाचा गंध नाही.' सिनेमा बघायचाय अजून! पण निकाल तयार. बाल्कनीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत सर बसले, मुठीत खडू. विचार करताना खडू मुठीत धरायची जुनी सवय. शाल्मली दोन रांगा मागे, मैत्रिणींत.

आता सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगतो. एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तिच्या कॉलेजात एक नवा मुलगा येतो, शेवटच्या बाकावर बसतो. तो असतो दुसऱ्या ताऱ्यावरचा! — अहो, हसा. सरही हसले. हे पोरगं यानातून आलं आठवड्याभरात, आणि ताऱ्याचं अंतर म्हणे वीस प्रकाशवर्षं! सर शेजारच्याला म्हणाले, "हा पहिला दोष." चहाच्या सुट्टीपर्यंत सरांनी असे नऊ दोष मोजले. जिन्यावर कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती, दवाखान्यातला कंपाउंडर म्हणत होता, "हिरोपेक्षा आमची म्हैस चांगलं काम करील." सरांना फार बरं वाटलं.

पण पुढे मंडळी, पुढे! त्या मुलाला परत जावं लागतं. मुलीने त्याच्यासाठी बाजाच्या पेटीवर एक चाल बसवलेली असते. ती त्याला ऐकवते, पण उत्तर द्यायच्या आत यान निघून जातं. मग ती रेडिओवरून आकाशात एकच प्रश्न पाठवते: "माझी चाल तुला आवडली का?" प्रश्न जायला वीस वर्षं, उत्तर यायला वीस वर्षं. आपल्या टपालखात्यापेक्षा थोडंच जास्त म्हणायचं. ती थांबते. लग्न होतं, मुलं होतात, केस पिकतात. आणि एका दुपारी, चाळीस वर्षांनी, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर खरखर होते आणि आवाज येतो:

"आवडली. फार आवडली."

आणि ती म्हातारी भाकरी तव्यावर तशीच जळू देते.

मंडळी, सरांचं काय झालं सांगू? चाळीस वर्षं! कुणीतरी चाळीस वर्षं विचारत होतं, "अहो, तुम्हाला आवडला का?" आणि सरांनी उत्तर धाडलंच नव्हतं. ते वीस प्रकाशवर्षं वगैरे गेलं खड्ड्यात. अंधारात बसून सर रडले. लहान पोरासारखे रडले. रुमाल सापडेना, तेव्हा मुठीनेच डोळे पुसले. एकदा पुसले, दोनदा पुसले, गालावरून हात ओढला.

आणि मुठीत काय होतं?

खडू!

दिवे लागले. सर उठले, घसा खाकरला, जिना उतरले. दोन्ही गालांवर पांढरे फटफटीत पट्टे! डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत! खाली फळा, फळ्याभोवती ही गर्दी. सगळ्यांना दिसलं. अहो, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बोलतो कोण? मुख्याध्यापकांना सांगणार कोण, की तुम्ही रडलात ते गालावर लिहिलंय?

सरांनी खडू फळ्याला टेकवला. शाल्मली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, कठड्याला धरून. सरांनी तिच्याकडे पाहिलं. हात हलला. फळ्यावर 'आ' उमटला. मंडळी, एवढं एक अक्षर! पुढची तीन लिहायला किती श्रम?

तेवढ्यात मागून कंपाउंडर म्हणाला, "काय सर, आज काढली का बिनपाण्याने?"

झालं. सरांचा हात थबकला. आपण भोळे दिसू, ही भीती पायापासून वर चढली. तळहाताने त्यांनी तो 'आ' पुसला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं — 'पोरकटपणा. विज्ञानाचा गंध नाही.'

आता त्या गर्दीची गंमत ऐका! एक बाई मघाशी पदराने डोळे टिपत होत्या, "जीव लावला गं पोरीने" म्हणत होत्या. फळा वाचला, पदर खाली गेला. "तसा ओढूनताणूनच होता म्हणा." शिट्ट्या मारणारी पोरं शेवटी चिडीचूप बसली होती, ती म्हणाली, "बकवास." कंपाउंडरचे डोळे लाल गाजरासारखे झाले होते, तो म्हणतो, "सर बोलले तेच माझ्या मनात होतं." गुलाबशेठनी कपाळाला हात लावला. एवढी डोळस माणसं, समोर पांढरे पट्टे ओढलेला चेहरा बघताहेत आणि वाचताहेत काय तर फळा! थू तुमच्या शहाणपणावर! — तुम्हाला नाही हो, त्यांना म्हणतोय. अजून तरी.

शाल्मली पुढे आली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "आजोबा, गाल पुसा."

सरांनी पोस्टरच्या काचेत पाहिलं. आणि मग कळलं. पोरीला सगळं दिसलं होतं: गालावरचं खरं आणि फळ्यावरचं खोटं, दोन्ही एकाच खडूचं. अजूनही वेळ होती. फळा हाताशी होता. सरांनी काय केलं? गाल पुसले. फळा नाही पुसला!

सिनेमा रविवारी उतरला. त्याआधी शुक्रवारीच, दिवेलागणीला, शाल्मली आजोबांच्या टेबलाशी आली आणि खाकी कव्हरची वही उचलली. सर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, ती वही… मी वाचली आहे."

"राहू द्या आजोबा. पोरकटच आहे ती."

जीभ टाळूला चिकटली सरांची. उद्या सांगू म्हणाले. उद्याचा परवा झाला. मग म्हणाले, तिची परीक्षा होऊ दे. मग म्हणाले, आता कशाला खपली काढायची. 'आवडली' म्हणायला मुहूर्त लागतो का हो? नावं ठेवताना कधी पंचांग उघडलंत?

तीन वर्षं गेली. शाल्मली पुण्याला फार्मसीला. सरांना दुखण्याने धरलं, महिनाभर अंथरुणात होते. पडल्या पडल्या एकच गोष्ट टोचत राहिली. एका सकाळी सुनेकडून फोन लावून घेतला. घसा खाकरला नाही, चूक काढली नाही. सरळ बोलले:

"शाल्मली, तुझी वही मला फार आवडली होती. दोनदा वाचली मी. त्या दिवशी फळ्यावर खोटं लिहिलं गं."

सर वाट पाहत राहिले. ती रडेल, चिडेल, 'आता सांगता होय' म्हणून बोल लावेल, काहीही चाललं असतं.

पोर म्हणाली, "कुठली वही, आजोबा?"

रुसली नव्हती हो ती! टोमणा नव्हता तो. खरंच विसरली होती. पुढचा भाग लिहिणारी ती सोळा वर्षांची मुलगी त्या घरात उरलीच नव्हती. उत्तर पोचलं, पण घेणारं कुणी नव्हतं. सिनेमातल्या म्हातारीने चाळीस वर्षं रेडिओ चालू ठेवला, हे सरांना सगळ्यात खोटं वाटायला हवं होतं, मंडळी. दोष काढायचाच होता तर तो काढायचा!

मनीं गोड वाटे । मुखीं म्हणे आंबट ।
ऐशा शहाण्याचें । रितें राहे ताट ॥

आता तुमच्याकडे वळतो. पळू नका, आरती व्हायचीय. तुम्ही आता उठाल, चपला शोधाल आणि चपलांच्या ढिगापाशी तुमचा फळा भरेल. "बुवा बरे आहेत, पण लांबवतात." "मागच्या वर्षीचे बुवा याहून बरे होते." "कीर्तनात सिनेमा कशाला?" म्हणा, खुशाल म्हणा. माझं पोट त्यावर नाही. पण घरी कुणीतरी तुमच्या एका शब्दासाठी खोळंबलंय. चाळीस वर्षं खोळंबलेली असेल, नाहीतर सोळा वर्षांची असेल. तिला आज जेवायला बसायच्या आधी सांगा. चूक एकही न काढता सांगा. उद्या सांगाल तर कदाचित विचारील, 'कुठली भाजी? कुठली वही?'

आणि मला मात्र तुमचं मत नको. बुक्क्याची बोटं पुसू नका म्हणालो होतो ना मघाशी? आता जरा शेजारच्याचे गाल बघा.

काळे झालेत, मंडळी. मला इथून सगळे दिसताहेत.