पॅनेलवरची सावली

केंडारीच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एकाच संस्थेतले दोघं उभे होते. तो बेटांवर सौरपॅनेल बसवणारा, तर त्या बाई किनाऱ्यावर खारफुटी लावणाऱ्या.

"लास्मीताई, तुमच्या बेटावर गेला महिनाभर दुप्पट वीज मिळाली!"

"कशी रे गिलांग? पॅनेलं तर तेवढीच आहेत."

"मी शिकवलं होतं ना, पॅनेलवर सावली पडू द्यायची नाही. गावप्रमुखानं फारच मनावर घेतलं. किनारा मोकळा करून टाकला."

"मोकळा म्हणजे?"

"झाडं तोडली."

"माझी खारफुटी? अरे मेल्या, कंबरभर चिखलात उभी राहून लावली होती मी ती!"

"ताई, हळू. लोक बघताहेत."

"बघू देत! आणि तू आज तिकडे कशाला निघालायस?"

"बॅटऱ्यांच्या खोलीत भरतीचं पाणी शिरलंय."

"याआधी कधी शिरलं होतं?"

"...नाही."